रेव्ह. जेम्स लॉसन: नागपूरचा काळ, नॅशव्हिलची कार्यशाळा आणि मेम्फिसचा संप. गावातल्या कार्यक्रमासाठी माहिती हवी

तिफण (आर्वी तालुका, वर्धा)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयातर्फे २२ सप्टेंबरला रेव्हरंड जेम्स लॉसन यांच्या जयंतीचा कार्यक्रम ठरला आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्याला ज्या पाद्र्याने शिस्त लावली तो माणूस तरुणपणी आपल्या नागपुरात राहून गेला, हे गावात फारसं कोणाला माहीत नव्हतं. कळल्यापासून पोरं रोज काहीतरी विचारत असतात. त्यांना अर्धवट उत्तरं द्यायची नाहीत म्हणून इथे विचारतो.

एक, नागपूरच्या काळाबद्दल पक्कं काय आहे? व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो, त्यात ते सेवाग्रामला गांधीजींजवळ राहिले असं लिहिलंय. दोन, अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात त्यांनी अहिंसक लढ्याची कार्यशाळा घेतली, तिथे ते नेमकं काय करून घेत? भाषण नको आहे, करून बघता येईल असं पाहिजे. तीन, ग्रामपंचायतीचे सफाई कामगारही येणार आहेत. मानधन महिनोन्‌महिने अडकणं हा त्यांचा जुना प्रश्न. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचा १९६८ चा संप सफाई कामगारांचाच होता, तेव्हा त्यातलं त्यांच्या कामाचं काय निघतं?

शाळेचा हॉल मिळाला आहे. माणसं साधारण चाळीस, वेळ अडीच तास, प्रोजेक्टर नाही.

---

कापूसकोंड्या (नागपूर)

तिफणभाऊ, तो व्हॉट्सॲपचा मजकूर आधी बाजूला ठेवा. गांधीजी गेले १९४८ साली, लॉसन नागपुरात आले १९५३ मध्ये. दोघांची भेट झालीच नाही. लॉसन यांनी अभ्यास केला तो सत्याग्रहाच्या पद्धतीचा, आणि त्यासाठी गांधीजींसोबत काम केलेली माणसं तेव्हा भेटत होती.

फलकावर लिहायला पक्की माहिती अशी. जन्म २२ सप्टेंबर १९२८, पेनसिल्व्हेनियातलं युनियनटाऊन. वाढले ओहायोमधल्या मॅसिलॉन गावात. वडीलही मेथडिस्ट पाद्री, पण ते कमरेला पिस्तूल बाळगायचे. आई मात्र मारामारीच्या पूर्ण विरोधात. लहानपणी एका गोऱ्या पोराने वर्णावरून शिवी दिली म्हणून लॉसन यांनी त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन सांगितलं. आईने एवढंच विचारलं की त्याने काय साधलं? यापेक्षा चांगला मार्ग असलाच पाहिजे, असं ती म्हणाली. हा प्रसंग ते आयुष्यभर सांगत आले, पोरांना नक्की सांगा.

१९५१ मध्ये कोरियाच्या युद्धासाठी सक्तीची लष्करभरती चालू होती. धर्मशिक्षणाचा विद्यार्थी म्हणून त्यांना सहज सवलत मिळाली असती. ती घेतली नाही आणि भरतीलाही नकार दिला. शिक्षा तीन वर्षांची झाली, प्रत्यक्षात १३ महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर मेथडिस्ट मिशनतर्फे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. काम दुहेरी होतं, विद्यार्थ्यांचा धर्मोपदेशक आणि खेळांचा प्रशिक्षक. डिसेंबर १९५५ मध्ये इथेच ‘नागपूर टाइम्स’ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध टाकलेल्या बहिष्काराची बातमी वाचली. त्या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग हे नाव त्यांच्यापुढे पहिल्यांदा आलं ते नागपुरातल्या पेपरात. तुमच्या कार्यक्रमात एकच गोष्ट मोठ्या अक्षरात लिहायची झाली तर ही लिहा.

१९५६ मध्ये ते परतले. ६ फेब्रुवारी १९५७ ला ओबर्लिन कॉलेजात किंग यांची भेट झाली. दोघंही २८ वर्षांचे. लॉसन म्हणाले, शिक्षण पुरं करून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत येईन. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. १९५८ च्या सुरुवातीला लॉसन नॅशव्हिलला पोचले.

आणखी एक सांभाळा. १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा नागपुरातली आणि लॉसन यांचं वास्तव्यही नागपुरातलं, म्हणून दोन्हींचा संबंध जोडणारं काही लिहू नका. दोन्ही गोष्टी स्वतःच्या बळावर मोठ्या आहेत.

---

पेढीकाठ (अमरावती जिल्हा)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ते सविस्तर द्यावं लागेल, कारण लॉसन यांचं खरं काम इथेच आहे. लोकांना खाण्याच्या काउंटरवर बसून केलेलं धरणं आठवतं, त्याआधीची तालीम आठवत नाही.

नॅशव्हिलमध्ये दुकानात सामान घ्यायला काळ्या गिऱ्हाइकांना मनाई नव्हती. त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसायला होती. गावच्या हॉटेलातली वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे फोडून सांगायला नको. मार्च १९५८ मध्ये पहिली कार्यशाळा झाली. १९५९ च्या पावसाळ्यानंतर क्लार्क मेमोरियल चर्चमध्ये दर आठवड्याला सुरू झाल्या. विद्यार्थी कोण? डायन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेट. पुढे देशभर गाजलेली ही नावं तेव्हा विशीच्या आसपासची पोरं होती.

क्रम लक्षात घ्या. आधी माहिती: कोणत्या दुकानात काय नियम आहे, मालक कोण, निर्णय कोणाच्या हातात. मग बोलणी. २८ नोव्हेंबर १९५९ ला हार्वीज आणि ५ डिसेंबरला केन-स्लोन या दुकानांत छोटे गट जाऊन बसले, सेवा मागितली, नकार मिळाल्यावर व्यवस्थापकाला कारण विचारलं आणि शांतपणे उठून आले. हा नुसता तपास होता. नकार कोण देतं आणि कोणत्या शब्दांत देतं, हे त्यातून नोंदलं गेलं. त्यानंतरही तालीम चालूच होती. खरं धरणं सुरू झालं १३ फेब्रुवारी १९६० ला, १२४ विद्यार्थ्यांनी. म्हणजे पहिल्या कार्यशाळेपासून जवळपास दोन वर्षांनी.

तालमीत असं चाले: खुर्च्यांची रांग म्हणजे काउंटर. काही जण बसणारे, काही हल्लेखोर. हल्लेखोर शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, केस ओढत, खुर्चीवरून खाली पाडत. बसणाऱ्याने डोकं कसं झाकायचं, एकाला मार बसत असेल तर दुसऱ्याने मारणाऱ्यावर हात न उगारता मध्ये आपलं अंग कसं घालायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यात कसं पाहायचं, हे अंगात मुरेपर्यंत करून घेत. मग भूमिका बदलत. हल्लेखोर झालेला पोरगा जेव्हा बसणारा होतो तेव्हा त्याला कळतं की राग कुठून येतो.

तुमच्या हॉलसाठी असं करा. चाळीस जणांना एकदम उतरवू नका. एका फेरीत सहा बसणारे, चार हल्लेखोर, एक गटप्रमुख, दोन निरीक्षक. बाकीचे बघतील. ग्रामपंचायतीचं टेबल मांडा. सहा जण अर्जाची पोच मागायला आले आहेत आणि पोच मिळत नाही, एवढाच प्रसंग. फेरी सात-आठ मिनिटांची. त्यावरची चर्चा वीस मिनिटांची. बहुतेक ठिकाणी हेच उलटं होतं, नाटक रंगतं आणि चर्चा आटपते. चर्चेत निरीक्षकांना आधी बोलवा: कोणाची मूठ वळली, कोण हसलं, कोणी गटप्रमुखाला न विचारता बोलायला सुरुवात केली. हसणं ही सगळ्यात पहिली आणि सगळ्यात सामान्य चूक. घाबरलेला माणूस हसतो आणि समोरच्याला ती टिंगल वाटते.

नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांकडे नियमांचा छापील कागद असायचा. त्यातले तुमच्या कामाचे: मारलं किंवा शिवी दिली तरी उलट करायचं नाही. मोठ्याने हसायचं नाही. गटप्रमुखाने सांगेपर्यंत जागा सोडायची नाही. दुकानाचं दार किंवा वाट अडवायची नाही. ताठ बसायचं, तोंड काउंटरकडे. कोणी माहिती विचारली तर नम्रपणे गटप्रमुखाकडे पाठवायचं. गंभीर काही घडलं तर त्यालाच कळवायचं. दार न अडवण्याचा नियम बारकाईने पाहा. दार अडवलं की विषय बदलतो. मग तुमची मागणी राहते बाजूला आणि बोलणं सुरू होतं वाट अडवल्याबद्दल.

२७ फेब्रुवारीला याची परीक्षा झाली. जमावाने मारहाण केली, पोलिसांनी ८१ विद्यार्थ्यांना पकडलं, मारणाऱ्यांपैकी एकालाही नाही. एक तुकडी उचलली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसत होती. ही दुसरी तुकडी आयत्या वेळी जमत नसते, तिची यादी आदल्या दिवशी करावी लागते. कोर्टाने ५० डॉलर दंड केला. बऱ्याच जणांनी तो न भरता तुरुंग पत्करला.

मार्चच्या सुरुवातीला, लॉसन जिथे शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने या धरण्यापायी त्यांना काढून टाकलं. तिथल्या काही प्राध्यापकांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. पदवी त्यांनी बोस्टन विद्यापीठातून घेतली. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्दही न बोलता महापौरांच्या कचेरीवर चालत गेले. डायन नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारलं, रंगावरून माणसाला वेगळं वागवणं तुम्हाला स्वतःला योग्य वाटतं का? ते म्हणाले, नाही. बाजारावरच्या बहिष्काराने दुकानदार आधीच टेकीला आले होते. १० मे १९६० ला काउंटर खुले झाले. तेही गाजावाजा न करता, आधी ठरवलेल्या छोट्या छोट्या गटांनी जाऊन. जिंकल्यावर समोरच्याची मान खाली जाणार नाही याची काळजी घेतली गेली. गावात तर ही फारच गरजेची आहे, कारण दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर आणि त्याच एसटीत भेट होते.

---

पऱ्हाटी (यवतमाळ)

पेढीकाठ भाऊ, सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट मले खटकून राहिली. तिथं शिव्या खऱ्या देत होते. आपल्या गावात तो प्रयोग करसान तर जातीवरच्या शिव्या येईन. समोर बसलेली सफाईवाली बाई हे आयुष्यभर ऐकत आली. तिले पुन्हा हॉलमध्ये चाळीस लोकांपुढं तेच ऐकवायचं काहून? आन्‌ एखादं पाटलाचं पोट्टं हल्लेखोर झालं आन्‌ त्याच्या तोंडून निंघालं, तर ते नाटक राहत नाही. ॲट्रॉसिटी कायदा काही तालीम होती का खरं होतं हे विचारत बसत नाही. कार्यक्रम तिथंच मोडते.

---

पेढीकाठ

ताई, मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि मी तो वर लिहायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. नॅशव्हिलमध्ये ती तालीम चर्चच्या तळघरात, बंद दाराआड होत होती. भाग घेणारे बहुतेक ज्यांना ते शब्द ऐकायचेच होते तेच, आणि ते स्वतःहून आलेले. जाहीर कार्यक्रमात ते तसंच्या तसं उचलता येणार नाही.

म्हणून दोन भाग करा. २२ तारखेच्या कार्यक्रमात हल्लेखोरांना चारच वाक्यं लिहून द्या, त्यापलीकडे जायचं नाही: “उद्या या”, “साहेब नाहीत”, “तुम्हाला कोणी शिकवलं हे?”, “जास्त बोलाल तर काम जाईल.” अंगाला हात नाही. शेवटचं वाक्य पुरेसं जड आहे, ते ऐकल्यावर कोण गप्प होतं ते निरीक्षकांनी बघावं. जातीचा अपमान सोसण्याची खरी तालीम करायची असेल तर ती फक्त कामगारांनी आपसात, वेगळ्या दिवशी, ज्याला पाहिजे त्यानेच बसायचं आणि नको वाटलं की उठून जायचं, अशी करावी. मोबाईल बाहेर ठेवून. अर्ध्या मिनिटाची क्लिप गावभर फिरली की संदर्भ सांगत बसायला कोणी उरत नाही.

---

खराटा (वर्धा)

मेम्फिसवर लिहितो. लॉसन १९६२ पासून मेम्फिसच्या सेंटेनरी मेथडिस्ट चर्चचे पाद्री होते. १ फेब्रुवारी १९६८ ला पाऊस चालू असताना एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात आडोशाला शिरले. कचरा दाबणारं यंत्र अचानक चालू झालं आणि दोघेही चिरडले गेले. त्याच्या एक-दोन दिवस आधी पावसामुळे काळ्या कामगारांना दोन तासांचा पगार देऊन घरी पाठवलं होतं आणि गोऱ्या देखरेखवाल्यांना पूर्ण दिवसाचा दिला होता. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगारांनी काम थांबवलं. पाठिंब्याच्या समितीचं नेतृत्व लॉसन यांच्याकडे आलं. किंग यांना मेम्फिसला बोलावणारेही तेच.

आता जे बिघडलं ते नीट सांगा, कारण शिकण्यासारखं तिथेच आहे. २८ मार्चचा मोर्चा. किंग यायला उशीर झाला, गर्दी वाट बघत तापली, सामील झालेल्या पुष्कळ पोरांची कसलीच तालीम झाली नव्हती. हातातल्या फलकांना लाकडी काठ्या होत्या. फलक फाटले, काठ्या उरल्या आणि त्यांनी दुकानांच्या काचा फुटल्या. लॉसन यांनी तिथल्या तिथे मोर्चा मागे फिरवला. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीने लॅरी पेन हा १६ वर्षांचा मुलगा गेला. दुसऱ्याच दिवशी, २९ मार्चला, कामगार पुन्हा निघाले. संगिनी रोखलेल्या सैनिकांसमोरून एका रांगेत, ‘मी माणूस आहे’ असे फलक गळ्यात अडकवून. तो फोटो जगभर गेला. ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली. ८ एप्रिलला त्यांच्या पत्नी कोरेटा यांच्या नेतृत्वाखाली निघालेला मोर्चा प्रचंड होता आणि पूर्ण मूक. १६ एप्रिलला तडजोड झाली: युनियनला मान्यता, वर्गणी पगारातून कापून देण्याची सोय, आणि तासाला १० सेंट वाढ १ मेपासून, आणखी ५ सेंट १ सप्टेंबरपासून. पैशापेक्षा वर्गणीच्या मुद्द्यावर जास्त ताणलं गेलं होतं, कारण वर्गणी नियमित आली की संघटना टिकते.

तुमच्या कामगारांसाठी पहिली पायरी मोर्चाची नाही, माहितीची आहे. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना किमान वेतन लागू आहे. त्यातला काही हिस्सा शासन देतं, काही ग्रामपंचायतीने घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीतून द्यायचा असतो. म्हणून “पगार मिळत नाही” एवढं म्हणून भागत नाही. आधी दोन गोष्टी शोधा: कामगार मंजूर आकृतीबंधात (म्हणजे मंजूर पदांच्या यादीत) आहे का, आणि अडकलेला हिस्सा शासनाचा की ग्रामपंचायतीचा. आकृतीबंधाबाहेरच्या माणसाला शासनाचा हिस्सा येतच नाही, त्याचं भांडण वेगळ्या टेबलावरचं असतं.

माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, महाराष्ट्रात तसा नियम आहे. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर तेही नाही. मागायचं काय तर गेल्या बारा महिन्यांचा हजेरीपट, पगारपत्रक, कॅशबुकातल्या पगाराच्या नोंदी आणि करवसुलीचा गोषवारा, सगळ्यांच्या साक्षांकित प्रती. “पगार का दिला नाही” असा प्रश्न अर्जात घालू नका. का, याचं उत्तर देणं बंधनकारक नाही म्हणून अर्ज निकाली निघतो. कागद मागितला तर कागद द्यावा लागतो. ३० दिवसांत आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील पंचायत समितीत. पोच घेतल्याशिवाय एकही कागद सोडायचा नाही, आणि पोचेवर तारीख, शिक्का, सही तिन्ही बघायचं. नुसती सही असली की पुढे ती कोणाची यावरच वाद होतो.

मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हा विषय यावा म्हणून आधी लेखी द्या. आयत्या वेळचा विषय म्हणून मांडला तर टोलवला जातो.

फेरी काढायची झालीच तर पोलीस ठाण्यात लेखी कळवा, जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश चालू आहे का विचारा. सणासुदीला तो बहुधा असतोच.

---

तिफण

मंडळी, मनापासून आभार. एवढं सगळं अडीच तासांत बसणार नाही हे दिसतंच आहे. काय काढू? आणि मेम्फिसनंतरचं आयुष्य किती सांगायचं?

---

कापूसकोंड्या

नंतरचं पाच मिनिटांत होतं, पण वगळू नका. १९७४ ला लॉस एंजेलिसच्या होल्मन चर्चमध्ये गेले, १९९९ पर्यंत तिथे पाद्री. इमारती झाडणाऱ्या आणि हॉटेलात राबणाऱ्या कामगारांना, त्यातल्या कित्येक स्थलांतरितांना, त्यांनी हीच पद्धत शिकवली. कॅलिफोर्निया विद्यापीठात अहिंसेचा वर्ग घेतला. ज्या व्हँडरबिल्टने काढलं होतं त्यानेच २००६ मध्ये पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलावलं आणि ते गेले. किंग यांच्या हत्येबद्दल शिक्षा झालेल्या जेम्स अर्ल रे याला तुरुंगात भेटत राहिले, १९७८ मध्ये तुरुंगातच त्याचं लग्नही लावलं. रेने ती हत्या केली यावर त्यांचा विश्वास नव्हता. ९ जून २०२४ ला लॉस एंजेलिसमध्ये निधन, वय ९५.

वेळ असा वाटा: जीवन आणि नागपूर २५ मिनिटं, नॅशव्हिल २५, तालमीच्या दोन फेऱ्या चर्चेसह तासभर, मेम्फिस १५, उरलेला वेळ कामगारांच्या अर्जाला. अर्ज तिथेच बसून लिहून काढा. सत्कार आणि हारतुरे काढून टाका, अर्धा तास त्यातच जातो.

---

खराटा

अर्जासाठी कोरे कागद, कार्बन आणि कोर्ट फी तिकिटं आदल्या दिवशी तालुक्यावरून आणून ठेवा, गावात मिळत नाहीत. आणि प्रदर्शनात मेम्फिसचा फलक करून लावणार असाल तर तसाच करा: दीड बाय दोन फुटांचा पुठ्ठा, वरच्या दोन कोपऱ्यांपासून दोन इंच आत भोकं, भोकांभोवती कापडी चिकटपट्टी म्हणजे फाटत नाही, आणि सुतळीऐवजी जुन्या साडीची दोन बोटं रुंद पट्टी. सुतळी तासाभरात मानेला काचते.